गुडघ्याचे अस्थिबंध सर्वांचे सारखेच असतात का?

गुडघा दुखतो म्हणून एमआरआय केला जातो आणि ‘बाहेरच्या मेनिस्कसच्या मागच्या टोकाशी फाट असण्याची शक्यता’ असे वाक्य अहवालात येते. आता ऑपरेशनच करावे लागणार, या विचाराने रुग्ण घाबरून जातो. पण तिथे दिसणारी प्रत्येक रेघ म्हणजे इजा नसते.

गुडघ्याला स्थिर ठेवणारे मुख्य अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, चार असतात. सांध्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे एसीएल आणि पीसीएल, तर आतल्या व बाहेरच्या बाजूला एकेक. त्यांच्या जोडीला असलेल्या लहान अस्थिबंधांची ठेवण मात्र व्यक्तीगणिक बदलते.

मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची गादी. बाहेरच्या गादीच्या मागच्या टोकापासून मांडीच्या हाडापर्यंत दोन बारीक पट्टे जातात. पीसीएलच्या पुढून जाणारा हम्फ्रीचा आणि मागून जाणारा रिसबर्गचा. कोणाला दोन्ही असतात, कोणाला एकच, तर काहींना एकही नसतो. हा पट्टा गादीला जिथे जोडलेला असतो, तिथे एमआरआयमध्ये रेघ दिसते आणि ती फाटीसारखी भासू शकते.

गुडघ्याच्या बाहेरच्या-पुढच्या बाजूच्या एका पट्ट्याचे वर्णन फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल सेगाँ यांनी 1879 मध्येच केले होते. 2013 मध्ये बेल्जियममधील संशोधकांना विच्छेदन केलेल्या 41 पैकी 40 गुडघ्यांत तो स्वतंत्र अस्थिबंध म्हणून आढळला. इतर काही अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी निघाले.

मग रुग्णाने काय करावे?

• फक्त अहवालावरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये. अहवालासोबत एमआरआयच्या फिल्म किंवा सीडीही अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावी.

• दुखणे कसे सुरू झाले, पाय मुरगळला होता का, सूज किती वेळात आली, हे नीट सांगावे.

• हाताने तपासून घेणे टाळू नये. अस्थिबंध सैल झाला आहे का, हे त्यातून कळते.

‘ही जन्मजात ठेवण असेल’ असे परस्पर ठरवणेही धोक्याचे आहे. त्याच जागी खरी फाटही असू शकते, विशेषतः एसीएल तुटला असेल तेव्हा. दुखापतीनंतर काही तासांत गुडघा सुजला, चालताना लचकू लागला, अडकून सरळ होईना किंवा पायावर भार देता येईना, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.