रुतेल आणि तोडताही येईल असा गळ

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा राज्यांतली तळी, कॅनडातला ओंटारिओ प्रांत आणि सेंट लॉरेन्स नदी हा मस्की या माशाचा मुलूख. पूर्ण नाव मस्केलंज. बदकाच्या चोचीसारखं लांब, चपटं तोंड, टाळूवर आत वळलेल्या बारीक दातांच्या रांगा, खालच्या जबड्यात सुळे, आणि लांबी कधीकधी चार फुटांच्या पुढे. विस्कॉन्सिनने १९५५ मध्ये त्याला आपला राज्यमासा ठरवलं. तिथले गरवणारे त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात, कारण दिवसचे दिवस नकली आमिष, म्हणजे लुअर, फेकत राहिलं तरी तो लागेलच याची खात्री नसते. एवढ्या खटाटोपानंतर लागलेला मासा बहुतेक लोक पुन्हा पाण्यात सोडतात. १९६६ साली स्थापन झालेल्या मस्कीज इन्कॉर्पोरेटेड या संस्थेने ही चाल रुजवायला मोठा हातभार लावला, आणि कायदाही त्याच दिशेने गेला. मिनेसोटातल्या बहुतेक तळ्यांत आज ५४ इंचांहून लहान मस्की घरी नेता येत नाही. पन्नास इंचांची मादी तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ जातो, हे लक्षात घेतलं तर हा नियम जाचक वाटू नये. मात्र लुअरला लावायचा ट्रेबल हुक, म्हणजे एकाच दांड्यावरचा तीन टोकांचा गळ, निवडताना अजूनही एकच विचार होतो: मासा सुटता कामा नये. त्यातून जाड तारेचे, मोठाले गळ लावले जातात. मला ही निवड चुकीची वाटते. मासा सोडायचाच असेल तर गळ आधी झटकन रुतला पाहिजे, आणि नंतर तितक्याच झटकन निघाला किंवा तोडता आला पाहिजे. या दोन्ही गोष्टींच्या आड येते ती तारेची फाजील जाडी.

आधी रुतण्याचं पाहू. मस्की लुअर गिळत नाही, आडवा धरून दाबतो. लाकडी लुअर असेल तर दात त्यात घुसतात आणि लुअर जबड्यात जागच्या जागी अडकून बसतो. गरवणारा काठीला हिसका देतो, दोरी ताणली जाते, पण लुअर आणि मासा एकत्रच ओढले जातात. गळाचं टोक तसूभरही सरकलेलं नसतं. मग मासा डोकं झटकतो, तोंड किंचित उघडतो, लुअर घसरतो, आणि त्या क्षणात जे काही रुतायचं ते रुततं. त्यात समोर असतं ते बहुतेक हाडच. काठीचा जोर दोन गळांच्या दोन-तीन टोकांवर वाटला गेला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडा येतो. तेवढ्या जोरात बारीक, धारदार टोक आत जातं आणि जाडं टोक हाडावरून घसरतं. म्हणून आकार आणि कंपनी यांच्या आधी धार पाहावी. त्याची परीक्षा सोपी आहे. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच तिरकं ओढायचं. ते नखात अडकलं तर गळ कामाचा. नुसती रेघ मारत पुढे गेलं तर कानशीने धार लावायची किंवा गळ बदलायचा. तळाच्या दगडांवर दोन-चार वेळा आपटलेला गळ नवा असला तरी या परीक्षेत नापास होऊ शकतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: बारीक तारेचा गळ मोठ्या माशाच्या ओढीने सरळ होईल. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. गळ उघडतो तो बहुतेकदा फक्त टोक अडकलेलं असताना, कारण सगळा ताण टोकावर येतो आणि वाकाला उलगडायला तरफ मिळते. तोच गळ वाकापर्यंत आत गेला की ताण वाकावर येतो, आणि तिथे तो कितीतरी जास्त ओढ सोसतो. म्हणजे नीट रुतणं हीसुद्धा एक मजबुतीच आहे. अगदी नाजूक गळ लावा असं मी म्हणत नाही. खोक्यांवर टू-एक्स, फोर-एक्स असं लिहिलेलं असतं. फोर-एक्स म्हणजे त्या गळाची तार चार मापं मोठ्या गळाएवढी जाड. हाताने फेकायच्या लुअरला, ऐंशी ते शंभर पौंडी न ताणणाऱ्या विणलेल्या दोरीवरसुद्धा, फोर-एक्सची गरज सहसा पडत नाही. चालत्या होडीमागे मोठे लुअर ओढत नेण्याची गोष्ट वेगळी. तिथे काठी खोबणीत रोवलेली असते आणि गळ रुतवण्याचं काम होडीचा वेग करतो. तिथे जाड तार लावणाऱ्यांशी माझा वाद नाही.

दुसरा आक्षेप आकाराचा: मासा मोठा, तोंड मोठं, म्हणून गळही मोठा. हे गणित माशावरून मांडायचंच नाही, लुअरवरून मांडायचं. गळाचं टोक लुअरच्या पोटाच्या किती बाहेर राहतं हे महत्त्वाचं. जाड अंगाच्या लुअरला छोटा गळ लावला तर टोकं लाकडाच्या आडोशाला जातात आणि माशाला लागतच नाहीत. सडपातळ लुअरला फार मोठा लावला तर पुढचा आणि मागचा गळ एकमेकांत अडकतात. शिवाय पोटाखालचा गळ लुअरला खालून वजन देऊन सरळ ठेवतो. चार-शून्य मापाच्या जागी पाच-शून्य लावला तर तरंगणारा लुअर सावकाश बुडू लागतो, किंवा त्याचं डावी-उजवीकडे सरकणं मंदावतं. म्हणून गळ बदलला की लुअर आधी बादलीत टाकून पाहावा. गळ रुतण्याचे आधीचे हिशेब मात्र मस्कीच्या तोंडाचे आहेत. आपल्याकडच्या महसीर माशाचे ओठ जाड, मांसल असतात आणि दात घशात असतात, त्यामुळे त्याच्यासाठी हेच नियम जसेच्या तसे लावून चालणार नाहीत.

आता सोडवण्याकडे वळू. मासा पाण्यातच, मोठ्या जाळीत धरून ठेवलेला असतो. एक गळ जबड्याच्या कोपऱ्यात, दुसऱ्या गळाची टोकं जाळीत, आणि मासा उसळतोय. इथे पक्कड घेऊन पिळत बसण्यात माशाचा दम जातो आणि माणसाच्या हातात गळ घुसायची भीती असते. जाणकार सरळ कातर घेतात. लोखंडी सळी तोडायची असते तशी, लांब दांड्यांची. गळाच्या वाकावर तिचे ओठ बसवायचे, दाबायचं, तार तुटते, दांडा लुअरसकट सुटतो आणि उलट्या काट्याचा, म्हणजे टोकाजवळच्या मागे वळलेल्या अणीचा, तुकडा पुढच्या बाजूने ओढून काढता येतो. बेताच्या जाडीची तार एका दाबात तुटते. अतिजाड तारेला दोन्ही हात लावावे लागतात, आणि तेवढ्यात मासा फिरतो. स्टेनलेस पोलादाचा गळ तर लावूच नये. तोडता न आलेला तुकडा माशाच्या अंगात राहिला तर तो गंजत नाही.

मग उलटा काटाच नको, असं काहीजण म्हणतात. कॅनडाच्या मानिटोबा प्रांतात १९९० पासून बिनकाट्याचेच गळ वापरावे लागतात आणि तिथे मासेमारी बंद पडलेली नाही. पकडीने काटा चेपला की गळ आत जायलाही कमी जोर लागतो. मासा सुटण्याची शक्यता वाढते, पण दोरी सैल पडू न देण्याची सवय लागली की हा तोटा बराच भरून निघतो. तीनऐवजी एकच टोक का नाही, या प्रश्नाचं मात्र सरसकट उत्तर माझ्याजवळ नाही. केसाळ शेपटीच्या आणि मऊ रबरी लुअरला एकटोकी गळ चांगला चालतो. लाकडी लुअरचा तोल त्याने बिघडू शकतो, आणि मोठा एकटोकी गळ वाईट जागी लागला तर खोलवर जातो. तिथे पोटाखाली ट्रेबल आणि शेपटीला एक माप लहान गळ, सगळे काटे चेपलेले, एवढी तडजोड मला पटते. गळ अडकवायची कडी मजबूत आणि पुरेशी मोठी हवी, म्हणजे गळ मोकळा फिरतो आणि माशाला लुअरची तरफ करून तो उपसता येत नाही. या कड्यांमुळे तुटलेला गळ होडीतच मिनिटाभरात बदलताही येतो, त्यामुळे सुट्या गळांचं खोकं कातरीशेजारीच ठेवावं.