मत्स्यालयाचा आकार आणि पाण्याचा रेटा

गोल भांड्यातला मासा मोठा दिसतो, कारण पाण्याने भरलेले वक्र भांडे भिंगाचे काम करते. मात्र आकार बदलला की भिंतींवरील ताणही बदलतो. पाण्याचा दाब, म्हणजे ठरावीक क्षेत्रावर पडणारा रेटा, खोलीनुसार वाढतो, टाकीच्या रुंदीनुसार नव्हे. म्हणून काठोकाठ भरलेल्या टाकीची उंची दुप्पट केल्यास तितक्याच लांबीच्या भिंतीवरील एकूण रेटा चौपट होतो. सपाट काच त्यामुळे मध्यभागी बाहेर झुकते आणि सिलिकॉनचे सांधे ताणले जातात, तर दंडगोल टाकीत हा ताण हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबप्रमाणे परिघावर सारखा वाटला जातो. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात (स्थापना 1951) नूतनीकरणानंतर 2015 मध्ये खुला झालेला 12 फुटी बोगदा अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे उष्णतेने वाकवता येणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकचा होता. अशा बोगद्यावर रेटा बाहेरून येत असल्याने कमान तो पायाकडे नेते.

प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागातूनच पाण्यात विरघळतो आणि गरम पाण्यात तो कमी मावतो, त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उंच, अरुंद टाकी कितीही देखणी असली तरी माशांसाठी जाचकच ठरते. याच भागातील मुखेडमध्ये घरासाठी वेगळ्या आकाराचे मत्स्यालय घडवून घेणाऱ्यांनी उंचीऐवजी पृष्ठभाग वाढवावा, आणि 100 लिटर पाण्याचे वजन 100 किलो भरते हे लक्षात घेऊन बैठक आधी भक्कम करावी.