तळघरातले पाणी आणि दुरुस्तीचे कंत्राट

पावसाळा सरला की मुंबई, ठाणे, पुणे परिसरातील गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर विशेष सर्वसाधारण सभेच्या नोटिसा लागू लागतात. विषय बहुधा ठरलेला असतो : इमारतीची गळती व दुरुस्ती. ज्या इमारतींखाली वाहनतळाचे तळघर आहे, तेथे तक्रारींची यादी अधिकच लांबते. तळघरात पाणी साचते, भिंतींना लोणा लागला आहे, खांबांच्या बुडाशी गिलावा फुगून पडतो आहे. सभेत तीन कंत्राटदारांची दरपत्रके वाचून दाखवली जातात. समजा, एक आठ लाखांचे, दुसरे चौदा लाखांचे आणि तिसरे सव्वीस लाखांचे आहे. सभासद साहजिकच विचारतात, एकाच कामात एवढी तफावत कशी? खरे तर ती एका कामाची दरपत्रके नसतातच. एकाने भिंतींना आतून रसायनाचा लेप सुचवलेला असतो, दुसऱ्याने भेगांमध्ये इंजेक्शनने रसायन भरण्याचा खर्च धरलेला असतो, तर तिसऱ्याने त्यात खांबांची दुरुस्तीही घातलेली असते. पाणी नेमके येते कोठून, हा प्रश्न मात्र तिघांपैकी कोणीही सोडवलेला नसतो.

कंत्राटदार नेमण्यातील पहिली चूक येथेच होते. जो काम करणार, त्यालाच कोणते काम करावयाचे हे ठरवू दिले जाते. त्याची पाहणी 'विनामूल्य' असते हे खरे, परंतु त्या पाहणीचे मोल पुढील देयकांत वसूल होते. म्हणून निदान करणारा आणि उपाय करणारा या दोन व्यक्ती वेगळ्या असाव्यात, आणि निदानाचे शुल्क संस्थेने वेगळे द्यावे.

तळघरातील पाण्याचे मूळ शोधण्यास नेहमीच महागडी यंत्रे लागतात असे नाही. पाणी फक्त पावसाळ्यात येते की एप्रिल-मेमध्येही पाझरते, याची नोंद वर्षभर ठेवली तरी अर्धे उत्तर मिळते. भर उन्हाळ्यात भिंत ओली राहत असेल, तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. अनेक इमारतींत पाण्याची भूमिगत टाकी तळघराच्या भिंतीला लागूनच असते. रात्री टाकीत येणारे आणि टाकीतून जाणारे पाणी बंद करून पातळीची खूण करावी व सकाळी ती पडताळावी. पातळी उतरली असेल तर टाकी गळते आहे. पालिकेच्या पाण्यात क्लोरीनचा अंश असतो, भूजलात तो नसतो. तळघरातील पाण्याची ताजी असतानाच साधी क्लोरीन-चाचणी केल्यास हा फरक समजू शकतो. सांडपाण्याच्या वाहिनीचा संशय असल्यास तीत रंगीत द्रावण सोडून ते तळघरात कोठे उमटते ते पाहता येते. उतारावरून थेट आत शिरणारे पावसाचे पाणी तर डोळ्यांनाच दिसते. तेथे जाळीची आडवी गटारे आणि चालू स्थितीतील पंप एवढ्यानेच काम भागू शकते. अशा ठिकाणी भिंतींना लाखोंचे लेप देणे म्हणजे निव्वळ पैशाचा अपव्यय होय.

मूळ भूजलात असेल तर मात्र प्रश्न गंभीर आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. दर मीटर खोलीस तो प्रत्येक चौरस मीटरवर एक टन इतका भरतो. पावसाळ्यात जमिनीतील पाण्याची पातळी तळघराच्या फरशीपेक्षा अडीच मीटर वर आली, तर भिंतीच्या तळाशी आणि फरशीखाली चौरस मीटरला अडीच टनांचा रेटा बसतो. आतून दिलेला साधा लेप हा रेटा त्याला भिंतीपासून सोडवण्याच्याच दिशेने लोटत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात ते यामुळेच. पाणी अडवण्याची योग्य जागा भिंतीची बाहेरील, मातीकडील बाजू होय. आपल्याकडे बांधकामाच्या वेळीच तळघराभोवती शहाबादी फरशांची पेटी करून 'बॉक्स वॉटरप्रूफिंग' केले जाते ते याच कारणासाठी. परंतु इमारत उभी राहिल्यावर बाहेरून खोदणे बहुधा अशक्य असते. मग भेगा व सांधे यांत दाबाने द्रावण भरणे, काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत स्फटिक तयार करणारी रसायने वापरणे आणि तरीही झिरपणारे पाणी गटारांतून खड्ड्यात आणून पंपाने उपसणे, असा संमिश्र मार्ग पत्करावा लागतो. दुसरा, राखीव पंप आणि वीज गेल्यास जनित्राची सोय याही गोष्टी त्यात आल्या. 'तळघर शंभर टक्के कोरडे करून देतो' असे पाहणीपूर्वीच सांगणाऱ्या कंत्राटदारापासून चार हात दूर राहावे, हे बरे.

पाण्याइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष खांबांकडे हवे. काँक्रीट स्वभावतः तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२ ते १३ च्या घरात असतो आणि त्यामुळे आतील सळयांवर गंजापासून रक्षण करणारा अतिसूक्ष्म थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की हा सामू ९ च्या खाली उतरतो आणि संरक्षण संपते. किनारपट्टीवर खाऱ्या हवेतील क्लोराइड हेच काम अधिक वेगाने करतात. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या कित्येक पट असल्याने तो आतून काँक्रीट फोडतो. किनारी हवेत काँक्रीटचे आवरण किमान ४५ मिलिमीटर असावे असे भारतीय मानक ४५६ सन २००० पासून सांगते, पण जुन्या इमारतींत ते पुष्कळदा याहून बरेच कमी सापडते. गंजाचा हिशेब फसवा असतो. १६ मिलिमीटर व्यासाची सळई गंजून १४ मिलिमीटर उरली, तर डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही. परंतु तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले असते. अशा खांबावर नुसता गिलावा चढवून रंग देणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे होय.

'पाया खचला' ही हाकाटीही अनेकदा अनाठायी असते. इमारतीभोवतीची फरसबंदी खाली बसली की रहिवासी हवालदिल होतात. पण ती फरसबंदी भरावावर असते आणि इमारत खांबांमार्फत खडकावर किंवा खोलवरच्या पायावर उभी असते. भराव बसला म्हणून पाया हलला असे होत नाही. दख्खनच्या बेसाल्टवर पाया असेल तर खचण्याची शक्यता आणखी कमी. काळ्या मातीच्या, भरावाच्या किंवा खाडीकाठच्या चिखलमातीच्या जागांत मात्र ती नाकारता येत नाही. खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जात असतील, तर भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. काच तडकली तर हालचाल अजून चालू आहे असे समजावे. काही महिने काच शाबूत राहिली तर पायाखाली द्रावण भरण्याचे मोठे काम तूर्त तरी अंगावर घेण्याचे कारण नाही.

हे सारे पारखण्यासाठी स्वतंत्र संरचना अभियंता हवा, आणि कायद्याचीही तशी अपेक्षा आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची पालिकेकडे नोंदणीकृत असलेल्या अभियंत्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हावयास हवे. मुंबईत अहवालावरून इमारतीची वर्गवारी ठरते. 'सी-१' म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, 'सी-२ अ' म्हणजे अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती, 'सी-२ ब' म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नुसती दृष्टिपाहणी करून लिहिलेला अहवाल स्वीकारू नये. हातोड्याची आणि ध्वनिलहरींची चाचणी, सळया कितपत गंजत आहेत हे दाखवणारी विद्युत-विभव चाचणी, फिनॉल्फ्थॅलिनच्या द्रावणाने होणारी कार्बोनेशनची परीक्षा (निरोगी काँक्रीट गुलाबी होते, बाधित भाग रंगहीन राहतो) आणि गरजेप्रमाणे काढलेले काँक्रीटचे गाभे, या चाचण्यांचे निष्कर्ष जागेच्या नकाशासह अहवालात असावेत.

सल्लागाराच्या मानधनाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ते पुष्कळदा एकूण देयकाच्या टक्केवारीत ठरते. काम वाढले की मानधन वाढते, मग काम आवरते घेण्यात सल्लागाराला रस कसा राहणार? ठरावीक रक्कम आणि जागेवरील भेटींची किमान संख्या असा करार संस्थेच्या अधिक हिताचा आहे.

अहवाल हाती आल्यावर निविदा मागवाव्यात आणि त्या एकाच तपशीलपत्रकावर मागवाव्यात. तेव्हाच दरांची तुलना शक्य होते. दुरुस्तीच्या कामात ठोक रक्कम ठरवणे दोन्ही पक्षांना धोक्याचे असते, कारण गिलावा काढल्याशिवाय आतील खराबी पूर्ण कळत नाही. म्हणून बाबनिहाय दर घ्यावेत. पण दर पक्के झाले तरी परिमाण मोकळेच राहते, आणि संस्थांचे पैसे बहुधा येथेच वाहून जातात. पॉलिमर गिलाव्याचा दर अमुक जाडीसाठी असतो. जाडी वाढली की दुसरा थर, दुसरे देयक. तेव्हा करारात अशी अट असावी की अंदाजित परिमाणापेक्षा ठरावीक टक्क्यांहून अधिक काम निघाल्यास सर्वसाधारण सभेच्या मंजुरीविना ते करावयाचे नाही. प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा. फोडलेला भाग झाकण्यापूर्वी सल्लागार, कंत्राटदार आणि संस्थेचा एक सभासद यांनी मिळून मोजमाप घ्यावे, छायाचित्र काढावे आणि मोजमाप पुस्तिकेत तिघांनी सह्या कराव्यात. एकदा गिलावा चढला की मग वाद घालण्यास पुरावा उरत नाही.

मालावर नजर ठेवण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे. रसायनांचे डबे सीलबंद यावेत, उत्पादनाची तारीख पाहून ते संस्थेच्या कुलपात ठेवावेत आणि रिकामे डबे मोजून मगच भंगारात जाऊ द्यावेत. पॉलिमरमध्ये प्रमाणाबाहेर पाणी मिसळणे ही सर्वांत सोपी चोरी आहे. इतक्या चौरस मीटर कामास इतके लिटर लागावयास हवे होते, हा हिशेब रिकाम्या डब्यांवरून सहज जुळवता येतो.

कामाचा क्रमही करारात लिहिलेला असावा. खांबाचे काँक्रीट फोडण्यापूर्वी सल्लागाराच्या आराखड्याप्रमाणे टेकू दिलेच पाहिजेत आणि लगतचे दोन खांब एकाच वेळी उघडू नयेत. घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा तळमजल्यावर अंतर्गत फेरबदलांचे काम चालू होते. खालच्या खांबांशी खेळ किती महाग पडतो, हे त्यानंतर वेगळे सांगण्याची गरज नसावी. मजुरांचा अपघात विमा, परांचीवर पट्टे आणि जाळ्या यांची कागदपत्रे काम सुरू होण्यापूर्वीच तपासावीत. दुर्घटनेनंतर ती मागण्यात अर्थ नसतो.

पैशांचा प्रश्न उरतोच. उपविधींनुसार दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड ०.२५ टक्के जमा करावयाचा असतो. पण हा खर्च इमारत उभी राहिली त्या काळचा असतो. सदनिकेचा बांधकाम खर्च १९९० मध्ये दोन लाख धरला असेल, तर सिंकिंग फंडाला वर्षाकाठी ५०० रुपये मिळतात. तीस वर्षांनी व्याज सोडून १५ हजार. एवढ्या पुंजीत खांबांची दुरुस्ती होत नाही. वेगळी वर्गणी काढावीच लागते आणि वाद तेथे सुरू होतो. तळघरात ज्यांची वाहने नाहीत ते सभासद म्हणतात, आमचा काय संबंध? खांब साऱ्या इमारतीचे आहेत, हे त्यांना पटवून देण्यास कधी कधी दोन वर्षे जातात.

ही रखडपट्टी केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत फ्लोरिडातील सर्फसाइड येथील चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत २४ जून २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर अंशतः कोसळली आणि ९८ जणांचा बळी गेला. तिच्या तरणतलावाच्या प्रांगणाखाली वाहनतळ होता. त्या प्रांगणाचा जलरोधक थर निकामी झाला असून पाणी वाहून जाण्यास उतार नाही, असे सल्लागार अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून ठेवले होते. सुमारे दीड कोटी डॉलरच्या खर्चावरून रहिवाशांत चर्चा व मतभेद चालू राहिले. मूळ आराखड्यातील उणिवाही पुढे तपासात उघड झाल्या, त्यामुळे सारा दोष गळतीच्या माथी मारता येणार नाही. परंतु अहवाल आणि काम यांत तीन वर्षे गेली, हेही खरे.

कंत्राटदाराच्या 'दहा वर्षांच्या गॅरंटी'विषयी दोन शब्द. मुद्रांकित कागदावरील ही हमी ती देणारी पेढी चालू असेतोवरच उपयोगाची. तिच्यातील अपवादांची कलमे वाचली तर हमी नेमकी कशाची आहे असा प्रश्न पडतो. त्यापेक्षा प्रत्येक देयकातून राखून ठेवलेले पाच टक्के संस्थेला अधिक संरक्षण देतात. आगाऊ रक्कम द्यावीच लागली तर ती बँक हमी घेऊन द्यावी. देयकावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरांत धरला आहे की वेगळा, हे निविदेतच स्पष्ट करून घ्यावे. उगमस्थानी करकपातीची जबाबदारी संस्थेची आहे, हेही खजिनदाराने ध्यानात ठेवावे.

काम ऑक्टोबरनंतर सुरू करून मेअखेर संपवावे, कारण पाऊस सुरू झाल्यावर ओल्या पृष्ठभागावर बरीच रसायने नीट धरत नाहीत. तळघराची खरी परीक्षा त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात होते. राखून ठेवलेल्या रकमेतील निम्मी काम पूर्ण झाल्यावर आणि उरलेली एक संपूर्ण पावसाळा पार पडल्यावर द्यावी. त्या चार महिन्यांत आठवड्यातून एकदा तळघरात फेरी मारून ओल कोठे उमटते, पंप किती वेळ चालतो आणि दुरुस्त केलेल्या खांबांवर नव्या भेगा आहेत का, याची नोंद ठेवावी आणि ती खांबांच्या क्रमांकांसह मोजमाप पुस्तिकेलाच जोडून ठेवावी; पुढील ऑडिट करणारा अभियंता सर्वप्रथम तीच मागेल.