खळ कापण्याआधी की नंतर?
गोधडीसाठी मऊ सुती कापडाचे त्रिकोण जोडताना उरेब कडा हमखास ताणली जाते आणि चौकोन वाकडा होतो. यावर जुना, स्वस्त इलाज म्हणजे खळ.

तांदूळ, मका किंवा साबुदाण्यातला स्टार्च पाण्यात साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला फुगून चिकट होतो. वाळल्यावर त्याचा पातळ थर धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवतो. मात्र खळ कापण्याआधीच घालावी. भिजलेलं सुती कापड आटतं, मग मापं चुकतात. खळ मुरण्याआधीच इस्त्री फिरवली, तर पांढरे पापुद्रे सुटतात. जुन्या लुगड्यांचे थर हाताने टाचायचे असतील, तर खळीच्या वाटेला न गेलेलंच बरं. कडक थरांतून सुई जाता जात नाही.

शिवण संपली की गोधडी धुवावी. स्टार्च हे कसरीचं आवडतं खाणं.