रेल्वेने युरोप : पासाचा हिशेब आधी मांडा

कापडाच्या यंत्रांचे 'इटमा' प्रदर्शन दर चार वर्षांनी युरोपात भरते. २०१९ मध्ये ते बार्सिलोनाला आणि २०२३ मध्ये मिलानला झाले. २०२७ च्या सप्टेंबरासाठी जर्मनीतील हॅनोव्हर ठरले आहे. घरगुती कापडाचे 'हाइमटेक्स्टिल' दर जानेवारीत फ्रँकफर्टला असते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे आपले जे बंधू तिकडे जातात, त्यांतले बरेच जण टूर कंपनीच्या बसमधून प्रदर्शन पाहतात आणि तसेच परत येतात. एवढे विमानभाडे भरून आपल्या धंद्याची जुनी गावे न पाहता येणे मला पटत नाही. तीन-चार दोस्तांनी पाठीवर एकेक थैली घेतली तर पंधरा दिवसांत रेल्वेने ही गावे सहज होतात.

व्हिसा शेंगेनचा एकच लागतो आणि तो २९ देशांत चालतो. अर्ज मात्र ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, त्याच देशाकडे करायचा. दिवस सारखे असतील तर ज्या देशात पहिले पाऊल पडणार, त्याच्याकडे. फी ९० युरो आहे आणि निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ब्रिटन यात येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा.

आता मुख्य गोष्ट, युरेल पास. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी हा पास १९५९ पासून निघतो आणि आज ३३ देशांत चालतो. आता तो मोबाइलमध्येच येतो. एका महिन्यात कोणतेही चार, पाच किंवा सात दिवस प्रवास करा, असा त्याचा प्रकार. दिवस रात्री बाराला सुरू होऊन बारालाच संपतो, आणि त्या दिवशी कितीही गाड्या बदलता येतात. गाडीत चढण्यापूर्वी ती गाडी पासात नोंदवावी लागते. ते राहिले तर तपासनीस दंड करतो. पासपोर्टही जवळ हवा.

पास घेतला म्हणजे सगळे फुकट, असे आपल्याकडे समजतात. तसे नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत पासावर सरळ बसता येते. फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत मात्र जागा राखून ठेवावीच लागते. त्याचे दहा-वीस युरो वेगळे, आणि फ्रान्समध्ये पासवाल्यांच्या जागा मोजक्याच असतात.

तेव्हा हिशेब दिवसाच्या दराने करावा. पाच दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे युरोंना पडतो, म्हणजे दिवसाला ६५-७० युरो. हॅनोव्हर ते फ्रँकफर्ट आयत्या वेळी तिकीट काढाल तर शंभर युरोंच्या घरात जाते, तिथे पास फायद्याचा. मिलानहून कोमोला जायला पाच-सहा युरो पुरतात, त्यावर पासाचा दिवस घालवणे म्हणजे निव्वळ नुकसान. दोन-तीन महिने आधी काढलेले तिकीट तर लांबच्या पल्ल्यालाही वीस-तीस युरोंत मिळून जाते. पण ते त्याच गाडीला बांधलेले असते. प्रदर्शनात एखादी पार्टी म्हणाली, "उद्या कारखान्यावर या", तर ते तिकीट बहुधा पाण्यात. ज्याच्या तारखा पक्क्या, त्याने सुटी तिकिटे काढावीत. ज्याचा सौदा अजून व्हायचा आहे, त्याने पास घ्यावा. जर्मन गाड्यांच्या वेळेवर फार विसंबू नये. २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोहोचल्या. पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये तासभर राखावा.

फ्रँकफर्टहून पॅरिस चार तास आणि पॅरिसहून ल्यों दोन तास. पॅरिसमध्ये वेळ घालवायचा तितका घालवा, पण ल्यों सोडू नका. आपल्या लूमवर बसवलेला जेकार्ड याच गावच्या जाकारचा. १८०४ मध्ये त्याने तो बनवला. क्रुआ-रूस टेकडीवरच्या विणकरांच्या घरांची छते चार मीटर उंच आहेत, कारण माग तेवढे उंच होते. तिथे हातमाग अजून चालवून दाखवतात. मजुरीचा ठरलेला दर व्यापाऱ्यांनी पाळला नाही म्हणून १८३१ मध्ये याच टेकडीवरून विणकर उतरले आणि त्यांनी शहर ताब्यात घेतले. विणकर आणि शेठ, दोघांनीही ती जागा पाहावी.

ल्यों ते मिलान ही आल्प्समधली लाइन २०२३ च्या ऑगस्टात दरड कोसळून बंद पडली होती, ती २०२५ च्या वसंतात पुन्हा सुरू झाली. कोमोला रेशमाची छपाई आणि रंगाई होते, कच्चे रेशीम मुख्यतः चीनचे. फ्लॉरेन्सजवळचे प्रातो मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिथे जुने लोकरी कपडे रंगाप्रमाणे निवडतात, फाडून तंतू काढतात आणि पुन्हा सूत कातात. निवड नीट झाली की पुन्हा रंगवायची गरज फारशी उरत नाही. हेच काम आपल्याकडे पानिपतला चालते. चिंधीच्या धंद्यातल्या बंधूंनी प्रातोची निवड पाहण्यासारखी आहे.

खाण्याची अडचण वाटते तेवढी नाही. फ्रँकफर्ट स्टेशनसमोरच्या म्युन्शनर रस्त्यावर तुर्कांची हॉटेले आहेत, तरी हलाल आहे का, हे विचारूनच बसावे. पॅरिसची मोठी मशीद १९२६ ची, ल्योंची १९९४ ची. जानेवारीत फ्रँकफर्टला सूर्य आठनंतर उगवतो आणि पाचच्या आत मावळतो, त्यामुळे फजर आरामात मिळते, पण जोहर-असर प्रदर्शनातच गाठतात. मुसल्ला थैलीत असू द्या. कसरचा मसला आपल्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावा, कारण मुक्कामाच्या दिवसांबाबत हनफी आणि कोकणी शाफई यांचा हिशेब वेगळा आहे.

सामान एकाच थैलीत मावेल एवढेच. तिथे हमाल मिळत नाहीत, आणि जुन्या शहरांच्या दगडी रस्त्यांवर चाकांची बॅग ओढताना हात भरून येतो. पॅरिस आणि मिलानच्या स्टेशनांवर खिसेकापू आहेत, म्हणून पासपोर्ट आतल्या खिशात ठेवावा. प्रवासात एकाला अमीर नेमण्याची सुन्नत आहे, ती इथे फार कामी येते. चौघांनी रोज सारखे युरो त्याच्याकडे जमा करावेत, पाणी, लॉकर, ट्राम सगळे त्यातून भागवावे आणि रात्री झोपण्यापूर्वी वहीत लिहून टाकावे.