समुद्रकिनाऱ्यावरील पवनविद्युत्

कोकणातील नाखवा वाऱ्याचा रोख पाहून शीड उभारतो. गलबत हाकणारा हाच वारा घरातील दिवाही उजळू शकतो. भारतातील पवनविद्युतेची पहिली प्रात्यक्षिक केंद्रे १९८६ साली महाराष्ट्र, गुजरात व तमिळनाडू यांच्या किनाऱ्यांवर उभी राहिली. त्यांपैकी महाराष्ट्रातील केंद्र रत्नागिरी येथे होते. तेथील यंत्रे प्रत्येकी ५५ किलोवॅट क्षमतेची होती.

किनाराच का निवडला? जमिनीवरून वाहताना झाडे, घरे व टेकड्या वाऱ्याला अडवितात. समुद्राच्या सपाट पृष्ठावर असा अडथळा अल्प असतो. वेगातील थोड्या फरकालाही येथे फार महत्त्व आहे, कारण वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदास ५ मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटर क्षेत्रातून सुमारे ७५ वॅट शक्ती वाहून नेतो. वेग १० मीटर झाला, की ही शक्ती दुप्पट नव्हे, तर आठपट, म्हणजे ६०० वॅट होते.

पवनचक्कीच्या पात्यांचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. त्यामुळे पात्याच्या दोन बाजूंवरील हवेच्या दाबात फरक पडतो व पाती फिरू लागतात. त्यांची गती मंद असते. दंतचक्रांच्या साहाय्याने ती वाढवून जनित्रास दिली जाते. तेथे चुंबकीय क्षेत्र व तारेची वेटोळी यांच्या सापेक्ष गतीमुळे वीज निर्माण होते. हे तत्त्व फॅरडे याने १८३१ साली शोधून काढले. पुढे रोहित्राने दाब वाढवून ही वीज तारांवाटे दूर पाठविली जाते.

वाऱ्यातील सर्व शक्ती मात्र हाती येत नाही. ती पूर्णपणे काढून घेतली, तर हवा पात्यांमागेच थबकेल आणि नव्या वाऱ्यास वाट उरणार नाही. बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या गणितानुसार ही मर्यादा ५९.३ टक्के आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. वारा मागणीप्रमाणे वाहत नाही. पावसाळ्यात तो जोमाने वाहतो, तर इतर ऋतूंत कित्येकदा पडतो. या अडचणीवरील एक उपाय सह्याद्रीत दिसतो. समुद्रावरून आलेला वारा डोंगरमाथा ओलांडताना वेग घेतो. म्हणून सातारा जिल्ह्यात वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभारल्या आहेत. या पठाराच्या पायथ्याशी कोयनेचा जलाशय आहे. वारा साठविता येत नाही, पाणी मात्र साठविता येते. वारा असेल तेव्हा पाणी राखावे आणि तो पडताच जलविद्युत् केंद्र चालवावे, अशी ही जोड आहे. चंचल वारा व धरणातील पाणी यांनी परस्परांची उणीव भरून काढली, तर तेवढा कोळसा जाळावा लागणार नाही.