होडीतून आलेले तिघे

बत्तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. अमेरिकेतील गुलामगिरीच्या वाट्याला त्यात फळ्यावरची एकच ओळ येत असे : '१ जानेवारी १८६३ - अब्राहम लिंकन यांनी गुलामांना मुक्त केले.' परीक्षेत जोड्या लावायला ही ओळ फार सोयीची. एकदा नववीच्या वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, पण तोपर्यंत ते गुलाम स्वतः काय करत होते?" वर्ग हसला. मीही हसले. "ते अभ्यासक्रमात नाही, बस खाली," असे म्हणून मी पुढच्या धड्याकडे वळले.

त्या प्रश्नाचे उत्तर मला निवृत्तीनंतर मिळाले, तेही योगायोगाने. व्हर्जिनियात मुलीकडे राहायला गेले होते. "आई, समुद्रावर एक जुना किल्ला आहे, तुम्हाला आवडेल," म्हणत जावई एका रविवारी फोर्ट मन्रोला घेऊन गेले. चारी बाजूंनी खंदक, दगडी तट, समोर खाडीचे विस्तीर्ण मुख. जंजिरा आणि सिंधुदुर्ग पाहिलेल्या डोळ्यांना हा किल्ला तसा बुटकाच वाटला. पण तिथे जे घडले ते समजल्यावर मी तटावरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले.

ऑगस्ट १६१९ मध्ये याच टोकाला 'व्हाइट लायन' नावाचे इंग्रजी जहाज लागले. अंगोलातून गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या माणसांचे पोर्तुगीज जहाज वाटेत लुटून त्यातली विसाहून थोडी अधिक माणसे या जहाजाने आणली होती. धान्यसामग्रीच्या बदल्यात ती इथे देऊन टाकण्यात आली. व्हर्जिनियाच्या वसाहतीतील गुलामगिरीची कहाणी सर्वसाधारणपणे इथून सुरू झाली असे मानतात.

पुढे कायद्यांनी ही पकड आवळत नेली. १६६२ साली व्हर्जिनियाने ठरवले, की मूल आईच्या दर्जाचे. म्हणजे बाप गोरा मालक असला, तरी गुलाम आईच्या पोटचे मूल गुलामच. १७९३ मध्ये एली व्हिटनी याने सरकी काढण्याचे यंत्र केले. कापूस स्वच्छ करणे सोपे झाल्यावर कष्ट कमी व्हायला हवे होते. झाले उलटेच. कापसाची लागवड अफाट वाढली आणि वेचणाऱ्या हातांची मागणीही. १८०८ मध्ये परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी आली, तेव्हा देशातल्या देशातच माणसांचा बाजार फोफावला. व्हर्जिनियासारख्या राज्यांतून सुमारे दहा लाख माणसे दक्षिणेकडच्या कापसाच्या मळ्यांवर नेली गेली. कुणाचा नवरा, कुणाची लेक. १७९० च्या शिरगणतीत सुमारे सात लाख असलेले गुलाम १८६० मध्ये चाळीस लाखांच्या घरात पोचले. देशातला दर आठवा माणूस दुसऱ्याच्या मालकीचा होता!

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आले. गुलामगिरीचा विस्तार थांबवू, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जिथे ती आहे तिथे हात लावणार नाही, असे ते वारंवार सांगत होते. तरीही दक्षिणेची राज्ये फुटली आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्धाला तोंड लागले. उत्तरेचे युद्ध तेव्हा देश एकसंध ठेवण्यासाठी होते, गुलामांसाठी नव्हते.

आता त्या तिघांची गोष्ट. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाऊनसेंड. मालकाने त्यांना दक्षिणेच्या सैन्यासाठी खाडीपलीकडे तोफांचा मोर्चा बांधायच्या कामाला जुंपले होते. लवकरच आपल्याला बायकामुलांपासून दूर नॉर्थ कॅरोलिनात नेणार, हे त्यांना कळले. २३ मे १८६१ च्या रात्री ते एका होडीत बसले आणि वल्हवत फोर्ट मन्रोच्या दारात आले. व्हर्जिनिया फुटली होती, पण हा किल्ला अजून उत्तरेच्या ताब्यात होता. त्यांनी केवढे धाडस केले, याची कल्पना करा. पळालेला गुलाम मालकाला परत द्यावा, असा देशाचा कायदा होता आणि किल्ल्यातले सैन्य त्याच देशाचे होते.

किल्ल्याचा प्रमुख बेंजामिन बटलर हा पेशाने वकील. दुसऱ्याच दिवशी मालकाचा माणूस पांढरे निशाण घेऊन आला आणि कायद्याप्रमाणे गुलाम परत मागू लागला. बटलरने त्याला वकिली उत्तर दिले. तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता ना, मग आमच्या देशाचा कायदा तुम्हाला लागू नाही. शिवाय ही माणसे तुमची मालमत्ता आहेत असे तुम्हीच म्हणता आणि ती आमच्याविरुद्ध वापरता. शत्रूचा असा माल युद्धात जप्त करता येतो!

युक्तिवाद चलाख होता, पण त्यात माणुसकी नव्हती. माणूस अजूनही 'माल'च होता. तरीही बातमी खाडीकाठच्या झोपड्यांतून वाऱ्यासारखी पसरली. दोन-तीन दिवसांत आठ जण आले, मग डझनांनी, मग शेकडो. म्हातारीकोतारी, तान्ही मुले घेतलेल्या बाया. जिथे जिथे उत्तरेचे सैन्य पोचले, तिथे तिथे हेच घडले. या लोकांचे करायचे काय, हा प्रश्न वॉशिंग्टनला टाळता येईना. ऑगस्ट १८६१ मध्ये पहिला जप्तीचा कायदा झाला, एप्रिल १८६२ मध्ये राजधानीतली गुलामगिरी संपली आणि मग १ जानेवारी १८६३ चा तो जाहीरनामा आला.

लिंकन यामुळे लहान होत नाहीत. वाढता दबाव ओळखून योग्य वेळी सही करणे हेही मोठेपणच. जाहीरनाम्याने सैन्याची दारे उघडली आणि सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय त्यात लढले. पण तो लागू होता फक्त बंडखोर भागाला. किल्ला ज्या परगण्यात आहे तो उत्तरेच्या ताब्यात असल्याने जाहीरनाम्यातून वगळला होता! टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनच्या गुलामांना तर मुक्तीचा हुकूम ऐकायला १९ जून १८६५ उजाडावा लागला. तो दिवस २०२१ पासून अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा आहे. अखेर ६ डिसेंबर १८६५ रोजी तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी साऱ्या देशातून गेली. शिक्षा झालेल्या गुन्हेगारांचा अपवाद मात्र तिने ठेवला. त्या फटीतून किरकोळ गुन्ह्यांत अडकवलेल्या काळ्या माणसांची वेठबिगारी पुढे कित्येक वर्षे चालली.

परतताना जावयांनी हॅम्प्टन विद्यापीठातला एक विशाल ओक वृक्ष दाखवला. मेरी पीक या कृष्णवर्णीय शिक्षिकेने १८६१ मध्ये किल्ल्याच्या आश्रयाला आलेल्यांचा वर्ग त्याच्या सावलीत भरवला, असे सांगतात. गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे व्हर्जिनियात तोवर गुन्हा होता. सुटकेचा श्वास घेताच या लोकांनी आधी पाटी मागितली. मला आपले सावित्रीबाई-जोतिबा आठवले. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता. पुण्यात बसून त्यांना जे नाते दिसले, ते मला बत्तीस वर्षांत दिसले नव्हते. दोन्ही धडे मीच शिकवत होते आणि दोहोंची गाठ एकदाही घातली नव्हती.

मागच्या वर्षी शाळेने मला एका तासासाठी बोलावले. नववीचाच वर्ग. मी फळ्यावर जुनी ओळ लिहिली आणि तिच्या वर तीन नावे लिहिली. त्या मुलीचे नाव काही केल्या आठवेना. तिचा प्रश्न मात्र मी वर्गाला सांगितला आणि तासभर त्याचे उत्तर दिले. तास संपताना एका मुलाने हात वर केला. "बाई, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," मी म्हणाले, "तरी लिहून घे."